फाइल उघडते, पण आत तेच आहे का? लिनक्सवर डेटा शाबूत ठेवण्याची पहिली पावलं

काही वर्षांपूर्वी जुने फोटो चाळताना एक फोटो अर्धाच दिसला. वरचा भाग ठीक, खालचा सगळा करडा. बॅकअप काढून पाहिला, तिथेही तसाच. त्याआधीच्या बॅकअपमध्येही तसाच. फाइलचा आकार बरोबर होता, तारीख बरोबर होती, डिस्कने कधी कुरकुर केली नव्हती आणि कॉपी करताना एकही एरर आली नव्हती. केव्हातरी काही बाइट बदलले होते आणि ती बिघडलेली फाइल मी इमानेइतबारे एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेत राहिलो होतो.

डेटा कधीच बिघडणार नाही, अशी हमी कुठलीही फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था, देऊ शकत नाही. पण बिघडलेला डेटा "हा घ्या, बरोबर आहे" म्हणून तुमच्या हातात ठेवायचा नाही, एवढं ती करू शकते. काही फाइलसिस्टिम ते करतात, काही करत नाहीत. तुमची कोणत्या गटातली आहे ते कसं ओळखायचं आणि मग काय करायचं, यासाठी हा लेख. टर्मिनल उघडून दोनचार कमांड चालवता येत असतील तर पुरे. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती नेहमीच्या रोमन लिपीतच करायची.

डेटा कोणत्या वाटांनी बिघडतो

पहिली वाट सगळ्यांना ठाऊक असते: लिहिणं चालू असताना वीज गेली. एक फाइल लिहायची म्हणजे फाइलसिस्टिमला चारपाच ठिकाणी नोंदी कराव्या लागतात, आणि त्यातल्या दोन झाल्या, तीन राहिल्या तर हिशेब जुळत नाही. यावर दोन उपाय रुळले आहेत. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइलसिस्टिम आधी जर्नलमध्ये, म्हणजे होणाऱ्या बदलांच्या वहीत, नोंद करतात आणि मग मूळ जागी लिहितात. वीज आली की जर्नल वाचून अर्धवट काम पुरं करतात. बीटीआरएफएस आणि झेडएफएस जुन्या ब्लॉकला हातच लावत नाहीत. नवा मजकूर नव्या जागी लिहितात आणि सगळ्यात शेवटी वरचा निर्देशक बदलतात. याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. वीज कधीही जावो, जुनी अवस्था तरी पूर्ण सापडते किंवा नवी तरी.

इथे नवख्यांची एक गफलत होते. जर्नल आहे म्हणजे फाइलमधला मजकूरही सुरक्षित, असं वाटतं. ईएक्सटी४ नेहमीच्या 'ऑर्डर्ड' पद्धतीत फक्त मेटाडेटा, म्हणजे फाइलींची नावं, आकार, जागांचे पत्ते, जर्नलमध्ये टाकते. मजकूर थेट जागेवर जातो. त्यामुळे जर्नल फाइलसिस्टिमचा सांगाडा वाचवतं, मजकुराचं बरोबर-चूक त्याला कळत नाही.

दुसरी वाट डिस्क उघडपणे हात वर करते ती. सेक्टर वाचता येत नाही, एरर येते. हे त्रासाचं असलं तरी प्रामाणिक आहे, काहीतरी झालंय हे लगेच कळतं.

माझा फोटो गेला तो तिसऱ्या वाटेने. डिस्क "लिहिलं" म्हणते आणि लिहिलेलं नसतं. ब्लॉक भलत्याच जागी जाऊन पडतो. केबल, कंट्रोलर किंवा रॅममध्ये एखादा बिट उलटतो. वाचताना एरर येत नाही, चुकीचा मजकूर मात्र येतो. हे किती वेळा घडतं? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेटअ‍ॅपच्या साठवण यंत्रणांमधल्या सुमारे १५.३ लाख डिस्कवर ४१ महिने नजर ठेवली होती. त्यात चार लाखांहून जास्त ब्लॉकचे चेकसम, म्हणजे मजकूर पडताळण्याच्या खुणा, जुळले नाहीत. एका माणसाच्या एका डिस्कच्या हिशेबाने हे प्रमाण लहान आहे. पण पंधरा-वीस वर्षं डेटा सांभाळायचा असेल, मधे चारपाच डिस्क बदलायच्या असतील, तर ते लहान राहत नाही.

पायरी १: तुमच्याकडे काय आहे ते पाहा

'डीएफ' कमांडला कॅपिटल टी हा पर्याय द्या. कोणत्या फोल्डरखाली कोणती फाइलसिस्टिम आहे ते समोर येईल. बहुतेकांना ईएक्सटी४ दिसेल.

ईएक्सटी४ २००८ पासून लिनक्स कर्नलमध्ये स्थिर म्हणून आहे. जुनी, तावूनसुलाखून निघालेली, दुरुस्तीची साधनं उत्तम. २०१२ च्या सुमारास, कर्नल ३.५ पासून, तिच्यात मेटाडेटाला चेकसम आले. तुमच्या विभाजनावर ते चालू आहेत का हे 'डम्पईटूएफएस' कमांडला एच पर्याय देऊन, वैशिष्ट्यांच्या ओळीत 'मेटाडेटा-सीसम' हे नाव शोधून कळतं. मजकुराला मात्र चेकसम नाही. एक्सएफएस ही मूळची सिलिकॉन ग्राफिक्सची, १९९० च्या दशकातली. मोठ्या फाइलींसाठी आणि सर्व्हरसाठी ती दणकट आहे. तिच्याही नव्या रचनेत मेटाडेटाला चेकसम आहेत ('एक्सएफएस-इन्फो'मध्ये 'सीआरसी' समोर १ दिसायला हवा), मजकुराला नाहीत.

मजकुरालाही चेकसम देणाऱ्या दोन नावाजलेल्या फाइलसिस्टिम म्हणजे झेडएफएस आणि बीटीआरएफएस. झेडएफएसचं काम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एहरेन्स यांनी २००१ मध्ये सुरू केलं. २००५ मध्ये ती ओपनसोलॅरिसमधून खुली झाली, आणि आज ओपनझेडएफएस या नावाने लिनक्स व फ्रीबीएसडी दोन्हींवर चालते. बीटीआरएफएस क्रिस मेसन यांनी ओरॅकलमध्ये असताना २००७ मध्ये सुरू केली. ती लिनक्स कर्नलचाच भाग आहे, आणि फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्त्यांमध्ये २०२० पासून तीच मिळते.

चेकसम म्हणजे मजकुरावरून काढलेली छोटी आकडेवजा खूण. मजकुरात एक बिट बदलला तरी खूण बदलते. बीटीआरएफएस सहसा दर ४ केबी मजकुरामागे ४ बाइटची खूण ठेवते. पण खूण ठेवायची कुठे, हा प्रश्न खुणेइतकाच महत्त्वाचा आहे. मजकुराला चिकटूनच ठेवली आणि डिस्कने नवा ब्लॉक लिहिलाच नाही, तर जुना मजकूर आणि जुनी खूण दोन्ही तिथेच राहतात, एकमेकांशी छान जुळतात, आणि चूक निसटते. म्हणून झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची खूण त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते, त्या वरच्याची त्याच्याही वरच्यात, असं थेट मुळापर्यंत. बीटीआरएफएस मजकुराच्या खुणा वेगळ्या झाडात ठेवते. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर कल्पना हीच आहे.

पायरी २: स्वतः एक बाइट बिघडवून पाहा

हे वाचून सोडू नका, करा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. खऱ्या डिस्कला हात लावायचा नाही. साध्या फाइललाच डिस्क समजून तिच्यावर प्रयोग करायचा. व्हर्च्युअल मशीन असेल तर त्यातच करा, कारण यात 'डीडी' कमांड आहे आणि तिला चुकून खऱ्या डिस्कचं नाव दिलं तर ती विचारत बसत नाही.

'ट्रंकेट' कमांडने १ जीबी आकाराची एक रिकामी फाइल बनवा. तिच्यावर ईएक्सटी४ तयार करा आणि लूप पर्याय देऊन ती माउंट करा, म्हणजे एखाद्या फोल्डरखाली जोडा. आता 'सेक' कमांडने १ ते १,००,००० आकडे एकाखाली एक लिहिलेली फाइल तिथे बनवा. सुमारे ५८९ केबीची होईल. तिची 'शा२५६सम', म्हणजे अख्ख्या फाइलची अशीच खूण, काढून बाजूला लिहून ठेवा आणि अनमाउंट करा.

आता त्या १ जीबीच्या फाइलमध्ये 'ग्रेप'ने ५४३२१ हा आकडा शोधा. ए, बी आणि ओ हे तीन पर्याय द्या. आकड्याच्या आधी तो कितव्या बाइटवर आहे ते छापून येईल. मग 'प्रिंटएफ'ने ९ हा एकच अंक 'डीडी'कडे पाठवा. ब्लॉकचा आकार १, 'सीक' म्हणजे आत्ता मिळालेला क्रमांक, आणि 'नोट्रंक' हा पर्याय विसरायचा नाही, नाहीतर फाइल तिथेच तुटेल. एवढ्याने ५४३२१ चे ९४३२१ झाले. डिस्कवर एखादा बाइट गुपचूप बदलावा तसंच हे.

पुन्हा माउंट करा. 'सेड'ने ५४३२१ वी ओळ मागा. ९४३२१ येईल. एरर नाही, कर्नलच्या नोंदींत एक शब्द नाही. फाइल दुसरीकडे कॉपी करा, बिनबोभाट होईल. अनमाउंट करून 'एफएससीके' सक्तीने चालवा, सगळं स्वच्छ आहे असं सांगेल. तिचंही चुकत नाही, कारण सांगाडा खरोखरच स्वच्छ आहे. चूक फक्त तुमच्या 'शा२५६सम'ला कळते, आणि तीही तुम्ही आधी लिहून ठेवली म्हणून. हा आकडा एखाद्या हिशेबातला असता तर?

आता हेच सगळं बीटीआरएफएसवर. नवी १ जीबीची फाइल, तेच आकडे, 'ग्रेप'ने पुन्हा शोधलेली जागा, तोच ९. माउंट करून ती ओळ मागा. या वेळी 'इनपुट-आउटपुट एरर' येईल. 'डीमेसेज'मध्ये चेकसम जुळला नाही अशी नोंद दिसेल. फाइलसिस्टिमने तुम्हाला मजकूर दिला नाही. नवख्यांना इथे राग येतो, "एका बाइटसाठी फाइलच देत नाही?" असं वाटतं. पण हा नकार म्हणजेच तुम्हाला मिळालेली सूचना आहे: बॅकअपची चांगली प्रत अजून शिल्लक असतानाच ती काढा.

तिसरा प्रयोग दोन डिस्कचा. १ जीबीच्या दोन फाइली बनवा, 'लोसेटअप'ने दोन्हींना लूप उपकरणं जोडा, आणि बीटीआरएफएस बनवताना मजकूर व मेटाडेटा दोन्हींसाठी रेड१, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकेक प्रत, सांगा. आकडे लिहा, अनमाउंट करा, लूप सोडवा. दोन्ही फाइलींत ५४३२१ सापडेल, कारण दोन प्रती आहेत. त्यांपैकी एकीतच ९ घाला. पुन्हा जोडा, 'बीटीआरएफएस डिव्हाइस स्कॅन' चालवा, माउंट करा आणि सगळे चेकसम पडताळणाऱ्या 'बीटीआरएफएस स्क्रब स्टार्ट'ला कॅपिटल बी पर्याय द्या, म्हणजे काम संपेपर्यंत ती थांबेल. शेवटी एक चूक सापडली आणि दुरुस्त झाली असं दिसेल. अनमाउंट करून ज्या फाइलीत तुम्ही ९ घातला होता तिथे पुन्हा 'ग्रेप' करा. ५४३२१ परत आलेला असेल.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तो आकडा बराच वेळ बघत बसलो होतो.

याउलट चेकसम नसलेल्या साध्या सॉफ्टवेअर रेडमध्ये, म्हणजे 'एमडीअ‍ॅडम'च्या रेड१ वर ईएक्सटी४ असेल तर, दोन प्रती जुळत नाहीत एवढंच तपासणीत कळतं. खरी कोणती हे ठरवायला कसलाच आधार नसतो. दुरुस्ती सांगितली तर एक प्रत दुसरीवर कॉपी होते, आणि ती चुकीचीही असू शकते. डिस्क मेली तर रेड वाचवतं. डिस्क खोटं बोलली तर खोटं ओळखायला चेकसमच लागतो.

पायरी ३: निवड करा

एकच डिस्क असलेला लॅपटॉप असेल तर बीटीआरएफएस पुरते. दुरुस्ती होणार नाही, पण बिघाड कळेल, आणि मेटाडेटाच्या दोन प्रती एकाच डिस्कवर ठेवायची सोय तिच्यात आहे. महत्त्वाचा साठा असेल तर दोन डिस्क आणि आरसा: बीटीआरएफएस रेड१ किंवा झेडएफएस मिरर. मोठा, अनेक डिस्कचा साठा असेल तर माझं मत झेडएफएसच्या बाजूने आहे. बीटीआरएफएसचे रेड५ आणि रेड६, म्हणजे पूर्ण प्रतीऐवजी पॅरिटी नावाची जादा नोंद ठेवणारे प्रकार, टाळा. वीज गेल्यावर डेटा आणि पॅरिटी जुळत नाही, ही त्यांची जुनी अडचण प्रकल्पाच्या स्वतःच्या कागदपत्रांतही नोंदलेली आहे.

झेडएफएसचा परवाना वेगळा असल्याने ती लिनक्स कर्नलमध्ये नाही, स्वतंत्र मॉड्यूल म्हणून बसवावी लागते. त्यामुळे कर्नल अद्ययावत केल्यावर मॉड्यूल बांधलं गेलं का ते पाहून मगच मशीन रीस्टार्ट करा. पूल, म्हणजे झेडएफएसचा डिस्कचा साठा, बनवताना 'अ‍ॅशिफ्ट' १२ द्या, ४ केबी सेक्टरच्या आजच्या डिस्कसाठी तेच योग्य आहे आणि नंतर बदलता येत नाही.

बीटीआरएफएसवर एक फसवी जागा आहे. 'सीएचअ‍ॅटर'ने कॅपिटल सी हे लक्षण लावलेल्या फाइलींसाठी कॉपी-ऑन-राइट बंद होतं, आणि त्याबरोबर चेकसमही बंद होतात. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क आणि डेटाबेस यांच्यासाठी वेग वाढवायला हे लक्षण लावा, असा सल्ला सर्रास मिळतो. काही प्रोग्रॅम ते आपणहून लावतात. 'एलएसअ‍ॅटर' चालवून आपल्या मोलाच्या फोल्डरवर ते नाही ना, एवढं बघा.

ईएक्सटी४ सोडायची नसेल तरी चालेल. तिची साधेपणाची आणि स्थैर्याची बाजू खरी आहे. फक्त न बदलणाऱ्या फोल्डरांसाठी, म्हणजे फोटो, स्कॅन केलेले कागद, जुनी कामं यांसाठी, 'शा२५६सम'ची यादी बनवून ठेवा आणि अधूनमधून सी पर्याय देऊन ती पडताळा. फाइलसिस्टिमचं काम तुम्ही हाताने करता आहात एवढंच.

पायरी ४: खालचा पाया तपासा

'स्मार्टसीटीएल'ला ए पर्याय देऊन डिस्कचा अहवाल काढा. लांबलचक असतो. हार्ड डिस्क किंवा साटा एसएसडीवर आधी क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९ पाहा. ५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय बाकी असलेले, १९८ म्हणजे तपासणीतही न सुधारलेले. हे वाढत असतील तर नवी डिस्क आणायला लागा. १९९ मात्र डिस्कचा नाही, केबलचा आकडा आहे. तो वाढला तर डिस्क फेकण्याआधी केबल बदलून पाहा. एनव्हीएमई डिस्कवर 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' ही ओळ शून्य असायला हवी.

रॅमकडे दुर्लक्ष होतं. बिट रॅममध्येच उलटला तर चुकीच्या मजकुराचा अगदी बरोबर चेकसम निघतो आणि तो तसाच जपला जातो. नवं मशीन हाती आलं की 'मेमटेस्ट' एक रात्र चालवा. सर्व्हर बांधत असाल तर ईसीसी रॅम, म्हणजे उलटलेला बिट स्वतः ओळखून सुधारणारी, घ्या. झेडएफएसला ती सक्तीची आहे असं ऐकू येतं, तसं नाही. ईसीसीचा उपयोग सगळ्याच फाइलसिस्टिमना सारखाच होतो.

डिस्कच्या आत स्वतःची कॅश असते आणि वीज गेली की ती पुसली जाते. म्हणून फाइलसिस्टिम मोक्याच्या क्षणी "आता सगळं खरोखर लिही" असा हुकूम डिस्कला देते. याला बॅरिअर म्हणतात. वेगासाठी 'नोबॅरिअर' लावा असा जुना सल्ला कुठे दिसला तर तो पाळू नका.

तुम्ही प्रोग्रॅम लिहीत असाल तर हेच तुमच्याही बाजूने लागू आहे. 'राइट' यशस्वी झालं म्हणजे मजकूर डिस्कवर गेला असं नाही, तो रॅममध्ये असतो. महत्त्वाची फाइल बदलताना नव्या नावाने लिहा, तिच्यावर 'एफसिंक' करा, मग 'रिनेम'ने जुनीच्या जागी आणा आणि शेवटी फोल्डरवरही 'एफसिंक' करा. 'एफसिंक'ने एरर दिली तर तेच पुन्हा करून यश मिळालं म्हणून समाधान मानू नका. २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलच्या मंडळींच्या लक्षात आलं की लिनक्सवर पहिल्या अपयशानंतर ती पानं लिहून झाल्यासारखी धरली जात होती, आणि दुसरा 'एफसिंक' यशस्वी व्हायचा. त्यांनी नंतर असं ठरवलं की अशी एरर आली तर डेटाबेस थांबवायचा आणि आपल्या लॉगमधून पुन्हा उभा करायचा.

पायरी ५: स्क्रब ठरलेल्या दिवशी, न चुकता

चेकसम वाचतानाच तपासला जातो. चार वर्षं न उघडलेला फोटो चार वर्षं तपासला जात नाही, आणि तोवर आरशातली दुसरी प्रतही खराब होऊ शकते. स्क्रब म्हणजे वापरातला सगळा डेटा वाचून प्रत्येक चेकसम पडताळणं. महिन्यातून एकदा करा. झेडएफएसवर 'झेडपूल स्क्रब' आणि पुढे पूलचं नाव, बीटीआरएफएसवर आपण प्रयोगात वापरली तीच कमांड. ४ टीबी डेटा असलेली डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने वाचली तर साडेसात तासांच्या आसपास लागतात, म्हणून रात्री लावा.

डेबियन आणि उबुंटूच्या झेडएफएस पॅकेजमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारचं स्क्रब आधीच ठरवलेलं असतं. पण त्या रविवारी मशीन बंद असेल तर ते राहून जातं. बीटीआरएफएससाठी सिस्टिमडीचा टायमर लावा, आणि मशीन बंद असताना हुकलेली वेळ नंतर भरून काढणारा 'पर्सिस्टंट' पर्याय त्यात ठेवा.

निकाल तुमच्यापर्यंत पोहोचला नाही तर स्क्रबचा उपयोग नाही. झेडएफएसबरोबर 'झेडईडी' नावाचा सेवक प्रोग्रॅम येतो, त्याच्या मांडणीत तुमचा ई-मेल पत्ता घाला आणि मेल खरोखर येतो का ते एकदा तपासा. बीटीआरएफएसवर 'डिव्हाइस स्टॅट्स' कमांड दररोज चालवून पाचांपैकी एकही आकडा शून्य नसेल तर निरोप पाठवणारी चार ओळींची स्क्रिप्ट पुरते.

पायरी ६: एरर दिसली तर

आधी हात मागे घ्या. घाईघाईत केलेल्या दुरुस्तीने जाणारा डेटा मूळ बिघाडापेक्षा जास्त असतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

'झेडपूल स्टेटस'ला व्ही पर्याय द्या. प्रत्येक डिस्कसमोर तीन रकाने असतील: वाचन, लेखन आणि चेकसम. एकाच डिस्कच्या चेकसम रकान्यात आकडा असेल आणि खाली कोणत्याही फाइलीचं नाव नसेल, तर चूक सापडून दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त झाली आहे. त्या डिस्कचा स्मार्ट अहवाल पाहा, केबल घट्ट करा, 'झेडपूल क्लिअर'ने आकडे शून्य करा आणि पुन्हा स्क्रब करा. आकडे परत आले तर डिस्क बदला. खाली फाइलींची नावं असतील तर तेवढ्याच फाइली बॅकअपमधून आणा. कोणत्या फाइली गेल्या हे नावानिशी कळणं ही केवढी मोठी सोय आहे, ते ज्याने हजारो फाइली एकेक उघडून पाहिल्या आहेत त्यालाच समजेल.

दोन्ही डिस्कवर एकाच वेळी चुका आल्या तर डिस्कवर संशय घेण्याआधी दोघींमध्ये समान काय आहे ते शोधा. माझ्याकडे एकदा आरशातल्या दोन्ही डिस्कवर दर स्क्रबला नव्या चुका येत होत्या. दोन्ही डिस्क बदलायला निघालो होतो. शेवटी रॅमची एक पट्टी खराब निघाली, आणि ती काढल्यावर त्याच डिस्क मुकाट चालू लागल्या. रॅम, कंट्रोलर, वीजपुरवठा, हा क्रम लक्षात ठेवा.

बीटीआरएफएसवर 'चेक' कमांडचा 'रिपेअर' पर्याय दिसला की तो चालवायचा मोह होतो. तो पहिला उपाय नव्हे, जाणकारांनी सांगितल्याशिवाय हात लावू नये असा शेवटचा आहे. आधी केवळ-वाचन पद्धतीने माउंट करून डेटा बाहेर काढा. झेडएफएसला तर 'एफएससीके'च नाही, तिथे स्क्रब आणि बॅकअप हेच मार्ग. ईएक्सटी४ वर 'ईटूएफएससीके' आधी एन पर्याय देऊन चालवा, म्हणजे ती काहीही न बदलता काय बिघडलंय ते नुसतं सांगेल. आणि डिस्कच मरणपंथाला असेल तर कुठलीही दुरुस्ती तिच्यावर करू नका. 'डीडीरेस्क्यू'ने तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि जे करायचं ते त्या प्रतीवर.

पायरी ७: बॅकअप, पण पडताळलेला

स्नॅपशॉट, म्हणजे फाइलसिस्टिमची एका क्षणाची गोठवलेली अवस्था, त्याच डिस्कवर असतो, त्यामुळे तो बॅकअप नाही. आरसाही नाही, चुकून पुसलेली फाइल तो दोन्हीकडून तत्परतेने पुसतो.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या जातीच्या फाइलसिस्टिमवर ठेवा. यामागे कारण आहे. चेकसम डिस्कची चूक पकडतो, फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या कोडमधली चूक पकडू शकत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओपनझेडएफएसमध्ये असा दोष उघड झाला: विशिष्ट परिस्थितीत कॉपी केलेल्या फाइलींत मधेच शून्यांचे पट्टे येत, आणि त्या शून्यांचा चेकसम अगदी बरोबर असल्याने स्क्रब काहीच बोलत नसे. २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांनी तो दुरुस्त केला. पुढच्याच महिन्यात कर्नल ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४ चा डेटा बिघडवणारा दोष सापडला आणि डेबियनने आपली १२.३ आवृत्ती रोखून धरली. दोन्ही प्रकल्प मी आजही विश्वासाने वापरतो. फक्त सगळा डेटा एकाच्याच हवाली करत नाही, आणि नवी आवृत्ती आल्या दिवशी बसवत नाही.

बॅकअपसाठी फाइली कॉपी करायला 'आरसिंक' वापरत असाल तर एक बारकावा. ती सहसा आकार आणि तारीख पाहून फाइल बदलली का ते ठरवते. गुपचूप बिघडलेल्या फाइलीचे दोन्ही तसेच असतात, म्हणून ती कॉपी होत नाही आणि बॅकअपमधली चांगली प्रत वाचते. 'चेकसम' पर्याय दिलात की फरक दिसतो आणि बिघडलेली प्रत चांगलीवर जाऊन बसते. तो पर्याय 'ड्राय-रन'बरोबरच वापरा, म्हणजे काहीही न बदलता नुसती यादी मिळेल. न हात लावलेली फाइल त्या यादीत दिसली की थांबा आणि दोन्ही प्रती उघडून पाहा. बॅकअपच्या प्रोग्रॅमांपैकी 'रेस्टिक'मध्ये 'चेक'ला 'रीड-डेटा' आणि 'बोर्ग'मध्ये 'चेक'ला 'व्हेरिफाय-डेटा' हे पर्याय आहेत. वेळ खातात, पण बॅकअपचा प्रत्येक तुकडा खरोखर वाचून पाहतात.

आणि तीन महिन्यांतून एकदा दहाबारा फाइली रिकाम्या फोल्डरमध्ये परत आणा. त्यांत सर्वात जुन्या बॅकअपमधल्या दोनतरी असू द्या. 'शा२५६सम' जुळवा, मग एकेक उघडून पाहा. फोटो असेल तर खालच्या कडेपर्यंत.